एकोणीस कोयते आणि निताची फाइल

मित्रांनो, मी एक जुना कम्प्युटर आहे. किन्हीराजापासून तीन किलोमीटरवर एक तांडा आहे. तिथल्या समाजमंदिराच्या कोपऱ्यात एका डगमगत्या टेबलावर माझा मुक्काम असतो. माझा रंग मुळात पांढरा होता, आता तो दुधाच्या चहाचा झाला आहे. सकाळी बटण दाबल्यावर मला पुरते जागे व्हायला चार मिनिटे लागतात, आणि माझा पंखा सुरू झाला की बाहेर बांधलेली शेळी एकदा आत डोकावून जाते. नवे कम्प्युटर मला हसत असतील तर खुशाल हसोत. एकदा जागा झालो की मी काम अर्धे टाकत नाही.

लोक म्हणतात, यंत्राला अभिमान नसतो. ज्यांनी हे ठरवले, त्यांनी मला विचारले नव्हते.

मी कुठल्या मोठ्या कारखान्यातून खोक्यात बंद होऊन आलो नाही. वाशीमला शालिग्राम नावाचे एक कारागीर आहेत. त्यांनी एक सुटा भाग इथून, एक तिथून आणून मला आपल्या हाताने जोडले. एक स्क्रू कमी पडला, तेव्हा त्यांनी शिलाई मशीनचा स्क्रू लावला. तो अजून माझ्या पाठीवर आहे आणि बाकीच्यांपेक्षा घट्ट आहे. पहिल्यांदा मी सुरू झालो, तेव्हा शालिग्रामभाऊंनी पडद्यावर स्वतःचे नाव टाइप केले, समाधानाने मान हलवली आणि ते पुसून टाकले.

तिथून मी रिसोडला एका टायपिंग क्लासमध्ये गेलो. तिथे आम्ही दहा जण रांगेत बसत होतो. मी तिसरा. सोयाबीनचा हंगाम आला की बाजारातला सगळा धुरळा खिडकीतून आत येऊन आमच्या नाकातोंडात जायचा. तरी ती वर्षे चांगली होती. माझा कीबोर्ड हलका होता, म्हणून माझ्यापुढे बसायला मुलांची भांडणे व्हायची. माझ्यावर टायपिंग शिकलेली कितीतरी मुले परीक्षा पास झाली. पेढे वाटले गेले, पण पेढा कुणी मला दिला नाही. ते ठीकच आहे.

त्याच क्लासमध्ये रंजीता यायची. किन्हीराजाच्या तांड्यावरची मुलगी. आधी जीप, मग एसटी, असा रोजचा प्रवास करून यायची. बाकीच्या मुली बोटे टेकवायच्या, ही कळा बडवायची. सुरुवातीला मला तिचा राग यायचा. पुढे कळले की तिला फक्त घाई होती. तिला जे शिकायला मिळाले होते, ते सगळेच उशिरा मिळाले होते.

मग नवे कम्प्युटर आले. चपटे, काळे आणि गप्प बसणारे. आम्हा दहा जणांना जिन्याखाली ठेवले. माझ्या डोक्यावर पाण्याची कॅन ठेवायचे. ती गळायची. दोन वर्षे मी तिथे होतो. त्या दोन वर्षांबद्दल मला फार सांगायचे नाही. मला वाईट वाटले, एवढेच सांगतो.

एक दिवस शालिग्रामभाऊ भंगार न्यायला आले. त्यांच्याबरोबर रंजीता होती. जिन्याखाली वाकून तिने माझ्या पाठीवरचा शिलाई मशीनचा स्क्रू पाहिला आणि मला ओळखले.

"भाऊ, हा चालते का अजून?" तिने विचारले.

"चालते. पन याच्यावर जड काही टाकशीन तं बसून जाईल," शालिग्रामभाऊ म्हणाले. "तुले कायले पाह्यजे?"

"तांड्यावरच्या लेकरायसाठी."

त्यांनी पुढे काही विचारले नाही. मला दुकानात नेले, आतला धुरळा फुंकून काढला, पंख्याला तेलाचा थेंब दिला. मग मी एसटीच्या मागच्या सीटवर रंजीताच्या मांडीवर बसून तांड्यावर आलो.

आता रंजीताला लेकरांसाठी मी कशाला हवा होतो, ते सांगतो.

या तांड्यावरची बरीचशी घरे दिवाळीनंतर ऊस तोडायला दूरच्या जिल्ह्यांत जातात आणि होळी झाली की परत येतात. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. हत्याराचे नाव तेच आणि माणसांच्या मोजणीचेही तेच. कुणी विचारले की यंदा किती माणसे चालली, तर उत्तर येते, एकोणीस कोयते. त्यांच्याबरोबर मुलेही जातात. तिकडे फडाजवळ शाळा असते, पण नव्या मुलाला काय येते आणि काय येत नाही हे तिथल्या बाईंना कळायला मार्ग नसतो. मूल लाजून गप्प उभे राहते. बाई बिचाऱ्या साठ मुलांच्या गराड्यात असतात. मग सोपा उपाय म्हणून त्याला पहिलीत बसवतात.

रंजीता लहानपणी अशी तीनदा पहिलीत बसली होती. तीन वेगवेगळ्या गावांत. तिसऱ्या वेळी ती दहा वर्षांची होती आणि तिचे गुडघे बाकात मावत नव्हते. हे ती हसून सांगते, पण सांगून झाल्यावर कळा जरा जास्तच बडवते.

आणि गेल्या वर्षाच्या आधीच्या वर्षी तेच निताचे झाले. निता म्हणजे विनोद आणि कस्तुराबाई यांची मुलगी, आमच्या शेजारच्याच घरातली. तिसरीची पुस्तके धडाधड वाचणारी. तिकडे पाच महिने तिने अ, आ, इ, ई गिरवले. परत आली तेव्हा तिने शाळेचे दप्तर खुंटीला लावले आणि आजीला, मोतीबाईला, सांगून टाकले की आता तिकडच्या शाळेत आपण पाय ठेवणार नाही, त्यापेक्षा लेकरे सांभाळू.

रंजीताने तेव्हा ठरवले की प्रत्येक मुलाबरोबर एक कागद जाईल. त्यावर मुलाला काय वाचता येते, कोणते गणित येते, कुठे अडते, हे सगळे लिहिलेले असेल. सगळ्यात खाली मुलाने स्वतः सांगितलेल्या चार ओळी, त्याच्याच बोलीत, एक अक्षर न बदलता. ती समाजमंदिरात एकेका मुलापुढे तासभर बसायची, त्याच्याकडून वाचून घ्यायची आणि सगळे माझ्यात उतरवायची. निता दोन दिवस आलीच नाही. तिसऱ्या दिवशी दारात उभी राहून तिने विचारले, "तो कागद दाखोला तं मले खरंच चौथीत बसवतीन?"

"बसवा लागते. लिवलेलं असते तं कसे नाई बसवतीन," रंजीता म्हणाली.

तिला तरी कुठे खात्री होती? पण निता आत आली.

आता माझ्या अडचणीकडे या. रंजीता आधी त्या मोठ्या लिहिण्याच्या प्रोग्रॅममध्ये काम करू लागली, ज्यात रंगीत अक्षरे आणि चौकटी असतात. दुसरी फाइल उघडली की माझा श्वास कोंडायचा. तिसरी उघडली की मी चक्क थांबायचो. पडदा पांढरा, पंखा घरघर, आणि रंजीता कपाळाला हात लावून बसलेली. मला फार लाज वाटायची. शेवटी शालिग्रामभाऊ आले आणि त्यांनी माझ्यात एक साधा टेक्स्ट एडिटर टाकला. त्याला नटणे-मुरडणे माहीत नाही. नुसती अक्षरे. पण मित्रांनो, त्याचे वजन मला जाणवलेच नाही. एकोणीस फायली एका वेळी उघडल्या, तरी मी शांतपणे बसून होतो.

तो एडिटर मला फार आवडतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. उघडलेल्या सगळ्या फायलींची नावे पडद्याच्या वरच्या कडेला एका ओळीत उभी राहतात. ज्या नावावर टिचकी माराल, ती फाइल पुढे येते, बाकीच्या मागे थांबतात. पडद्याचे मधोमध दोन भाग करता येतात. डावीकडे एक फाइल ठेवायची, उजवीकडे दुसरी, आणि डावीकडे बघून उजवीकडे लिहायचे. एखाद्या फाइलीत बदल केला आणि ती जतन करायची राहिली, तर तिच्या नावापुढे लाल खूण दिसते. ती खूण जाईपर्यंत मला चैन पडत नाही. आणि सगळ्यात मोठा गुण हा की एक शब्द दिला, तर तो उघड्या असलेल्या सगळ्या फायलींत एकदम शोधता येतो. कोणत्या फाइलीत, कितव्या ओळीत, सगळे खाली लिहून येते.

एवढे चांगले साधन हाती होते, तरी चूक झाली. ती माझी नव्हती आणि एडिटरचीही नव्हती. रंजीतानेही ती जाणूनबुजून केली नाही.

झाले असे की टोळीचे मुकादम लखीराम यांच्याकडे एक वही आहे. त्या वहीत कोणता कोयता कोणत्या गाडीत आणि कुणाबरोबर कोणती मुले, हे सगळे असते. रंजीताने दसऱ्याला ती वही मागून घेतली आणि कामाला सोपे पडावे म्हणून जशीच्या तशी माझ्यात उतरवली. एका कोयत्याची एक फाइल. फायलींची नावे कोयता एक, कोयता दोन, अशी एकोणीसपर्यंत. आत मुले. ती स्वतः कोयत्याबरोबर वाढलेली. तिला त्यात काही वावगे दिसले नाही. तांड्यावर कुणालाच दिसले नसते.

लखीरामकाकांच्या वहीत मुलांची नावे सगळीकडे नव्हती. मोठा पोरगा, मधला, असे असायचे. आणि ज्या कोयत्यात तान्हे बाळ आहे, त्याच्या खाली लिहिलेले असायचे, सांभाळणारी. बाळ सांभाळायला कुणाच्या तरी घरची आठ-दहा वर्षांची मुलगी बरोबर देण्याची रीत आहे. ती आपल्याच आईबापाच्या कोयत्यात असेल असे नाही. रंजीताने बऱ्याच ठिकाणी नावे घातली, काही ठिकाणी तसेच राहू दिले. कोणती सांभाळणारी कोण, हे तिच्या डोक्यात होते. मला मात्र तेव्हाच बरे वाटले नव्हते. मला डोके नाही, मित्रांनो. माझ्यात जे लिहिलेले असते, तेवढेच माझ्यात असते.

सगळे कागद छापून झाले. रंजीताने ते कोयत्याप्रमाणे लावले आणि लखीरामकाकांच्या हाती दिले. पहिली गाडी दिवाळीनंतर चौथ्या दिवशी गेली. दुसरी पाचव्या दिवशी सकाळी अकराला निघणार होती.

त्या सकाळी साडेनऊला मोतीबाई निताचा हात धरून समाजमंदिरात आली. निताच्या कडेवर तिच्या काकाचे, नवीनचे, तीन महिन्यांचे बाळ होते. रंजीता मला सुरू करून बसली होती.

"रंजीता, निताचा कागद कुठी हाय?" मोतीबाईने विचारले.

"मुकादमाजवळ देल्ला ना, काकी. ज्याच्या त्याच्या कोयत्यात वाटला त्यायनं."

"विनोदच्या कोयत्यात नाई. कस्तुरानं पिशवी उलटी करून पाह्यली."

रंजीताचे हात कळांवरच थांबले. मग निता बोलली, बाळाला थोपटत, खाली बघत. "मले आधी दुसऱ्या कोयत्यात धाडून राह्यले होते. तिकडचं लेकरू सांभाळाले. याडीनं नाई म्हनलं." तांड्यात आईला याडी म्हणतात. कस्तुराबाईने ऐन वेळी सांगितले होते की लेक आपल्याबरोबरच येईल, सांभाळायचेच तर नवीनचे बाळ सांभाळेल. विनोदचा आणि नवीनचा, दोन्ही कोयते दुसऱ्या गाडीत होते. निता राहिली आणि तिचा कागद आदल्या दिवशीच पहिल्या गाडीत बसून भलत्याच गावाला निघून गेला.

रंजीताने चौकशी केली तर निता एकटी नव्हती. अशा अदलाबदलीत दुसऱ्या गाडीतल्या पाच मुलांचे कागद चुकले होते.

मोतीबाई खाली बसली. "पोट्टी म्हनते, कागद असन तं शाळेत जाईन, नाई तं नाई," ती म्हणाली. "दोन वर्सं झाले, दप्तर खुंटीलेच होतं. परवा तिनं सोताच्या हातानं काढलं. आता मी तिले काय सांगू?"

तेवढ्यात लखीरामकाका दारात आले. डोक्याला रुमाल, हातात वही. ते वाईट माणूस नाहीत, पण त्या दिवशी त्यांच्या डोक्यावर नऊ कोयत्यांचे सामान होते.

"अकरा वाजता गाडी हालते," ते म्हणाले. "मंग मले बोलू नका."

"काका, निता आधी कोनत्या कोयत्यात होती, वहीत पाहा बरं."

त्यांनी पाने चाळली. "ते पान फाडलं. यादी बदलली तं नवीन पान केलं. सांभाळणारी म्हून होती कुठी तरी." मग म्हणाले, "एका कागदाचं काय एवढं? जाईल तिकडे, बसन शाळेत."

"पहिलीत बसन, काका. मी बसली होती तीन डाव. तुमच्याच टोळीत," रंजीता म्हणाली.

रंजीताने खुर्ची पुढे ओढली आणि एकोणीसच्या एकोणीस फायली एकदम निवडून उघडल्या. वरच्या ओळीत एकोणीस कोयते उभे राहिले. आणि त्याच क्षणी वीज गेली.

माझ्या पायाशी एक यूपीएस आहे. नवा होता तेव्हा पंधरा मिनिटे पुरायचा. आता किती पुरेल हे त्यालाही माहीत नव्हते. तो पिं पिं ओरडू लागला. समाजमंदिरात अंधारले, माझा पडदा तेवढा उजळ राहिला. मी मनाशी एकच ठरवले. आज बसायचे नाही. जिन्याखाली दोन वर्षे पाण्याची कॅन डोक्यावर सोसली, ती अशाच एखाद्या दिवसासाठी असली पाहिजे.

रंजीताने पहिल्या मुलाचे नाव टाइप केले आणि सगळ्या उघड्या फायलींत शोध, असे सांगितले. मी शोधले. कोयता तीन, ओळ नऊ. तिने ती फाइल पुढे घेतली, मुलाचा मजकूर उचलला, एक कोरी फाइल उघडली, पडद्याचे दोन भाग केले आणि तो मजकूर उजवीकडे ठेवला. ह्या फाइलीला तिने कोयत्याचे नाव दिले नाही. मुलाचे दिले. दुसरे मूल, कोयता अकरा. तिसरे, कोयता पाच. चौथे सापडायला वेळ लागला, कारण त्याचे घरचे नाव वेगळे आणि शाळेतले वेगळे होते. मोतीबाईने शाळेतले सांगितले, आणि तेही मिळाले. वरच्या ओळीत कोयत्यांच्या शेवटी चार मुलांची नावे आली, चारही लाल खुणा घेऊन.

मग तिने लिहिले, निता.

मी एकोणीस फायली पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्या. एकही शब्द सोडला नाही. उत्तर आले, शून्य ठिकाणी.

ते उत्तर पडद्यावर लिहिताना मला जितके जड गेले, तितके तो जड प्रोग्रॅम चालवतानाही कधी गेले नव्हते. मुलगी समोर उभी आहे, कडेवर बाळ आहे, तिचे शिकणे माझ्याच पोटात कुठेतरी लिहिलेले आहे, आणि मी सांगतो आहे की ती नाही.

रंजीताने सांभाळणारी हा शब्द शोधला. नऊ ठिकाणी. नऊ मुली आणि नऊ जणींचे एकच नाव. त्यातली निता कोणती, हे दसऱ्याला रंजीताच्या डोक्यात होते, आता आठवत नव्हते, आणि नऊही वाचत बसायला वेळ नव्हता. यूपीएस आता भरभर ओरडत होता.

"दुसरं लिवून दे ना पटकन," लखीरामकाका म्हणाले. त्यांचा आवाज मघासारखा नव्हता.

"तिनं सांगतलेल्या ओळी हाय त्याच्यात, काका. त्या मी मनानं नाई लिवू शकत." रंजीता पडद्याकडे बघत म्हणाली, "चूक माह्यी हाय. मी तुमच्या वहीतून पोट्टे लिवले. पोट्ट्यायले पाहून लिवाले पाह्यजे होते."

तेव्हा निता टेबलाजवळ आली. बाळाने तिची वेणी धरली होती. ती म्हणाली, "ताई, माह्या कागदात सतराचा पाढा लिवला होता तुमी. उलटा. तो दुसऱ्या कोनालेच नाई येत."

रंजीताने एक शब्द टाइप केला, सतराचा.

मी पुन्हा एकोणीस फायली धुंडाळल्या. माझा पंखा किंचाळत होता. शेळी आत डोकावून गेली असेल, मी पाहिले नाही. उत्तर आले, एकाच फाइलीत. कोयता चौदा, ओळ एकवीस. सांभाळणारी. चौथीचे पुस्तक अडखळता वाचते. सतराचा पाढा उलटा म्हणते.

मित्रांनो, त्या मुलीचे नाव माझ्यात नव्हते. तिला जे येत होते, त्यावरून ती सापडली.

रंजीताने मजकूर उचलला आणि पाचव्या कोऱ्या फाइलीत ठेवला. सांभाळणारी हा शब्द पुसला, निता विनोद असे लिहिले. पाच नावे, पाच लाल खुणा. तिने सगळ्या फायली एकदम जतन करण्याची कळ दाबली. मी पाचही लिहून घेतल्या. एकेक लाल खूण गेली. मग तिने त्या पेनड्राइव्हवर घेतल्या, पेनड्राइव्ह काढला, आणि त्यानंतर यूपीएस एकदा लांब ओरडून गप्प झाला. माझा पडदा काळा पडला. पण तोवर माझे काम झाले होते.

"बस मांगं," लखीरामकाका रंजीताला म्हणाले आणि त्यांनी आपली मोटारसायकल चालू केली.

पुढचे मी पाहिलेले नाही. संध्याकाळी रंजीता मोतीबाईला सांगत होती, ते मी ऐकले. किन्हीराजाला गणेशभाऊंचे झेरॉक्सचे दुकान आहे आणि त्यांच्याकडे इन्व्हर्टर आहे. गाडीचा रस्ता तिथूनच जातो. गाडी दुकानापुढे आली, तेव्हा चार कागद छापून झाले होते आणि पाचवा निघत होता. ड्रायव्हर घाई करत होता. मुकादमच गाडीपुढे उभे राहिले, म्हणून तो थांबला. लखीरामकाकांना वाचता येते, पण सावकाश येते. त्यांनी निताचा कागद हातात घेतला आणि सगळ्यात खालच्या ओळी तिथेच उभ्याने वाचल्या. वाचून झाल्यावर तो वर गाडीत निताच्या हाती दिला. पिशवीत टाकू नको, जवळ ठेव, एवढेच म्हणाले.

गाडी गेली. तांड्यावर म्हातारी माणसे, रंजीता आणि मी राहिलो.

हिवाळा फार लांबला, असे मला वाटले. रंजीता त्या काळात गप्प बसली नाही. तिने एकोणीस कोयते एकेक करून उघडले, डावीकडे कोयता आणि उजवीकडे कोरी फाइल घेऊन सगळ्या मुलांना बाहेर काढले. काम संपले तेव्हा वरच्या ओळीत सत्तावीस नावे होती आणि कोयता कुठेच नव्हता. नऊ सांभाळणाऱ्यांना नऊ नावे मिळाली. त्यातली एक तर रंजीताच्या स्वतःच्या मावशीची नात निघाली.

होळीनंतर टोळी परत आली. दुसऱ्या दिवशी सकाळी निता समाजमंदिरात आली. बाळ आता बसायला शिकले होते. तिने त्याला चटईवर सोडले आणि फ्रॉकच्या खिशातून कागद काढला. घड्यांवर तो फाटायला आला होता. रंजीताने तो माझ्यासमोर उलगडून धरला.

निताने सांगितलेल्या ओळी खाली तशाच होत्या. "मले सतराचा पाढा उलटा येते. मले पहिलीत बसवू नका, तिथं मी एक डाव बसली. लेकरू रडलं तं मी त्याले घेऊन बसीन, पन चौथीतच बसीन."

आणि त्याखाली निळ्या शाईने, दुसऱ्याच कुणाच्या तरी अक्षरात लिहिले होते. "हिला चौथीत बसवले. बाळाला मांडीवर घेऊन बसते. आता अपूर्णांक येतात. हा कागद ज्यांनी लिहिला, त्यांनी पुढच्या वर्षीही लिहावा."

रंजीता रडली. ती सहसा रडत नाही. मग तिने डोळे पुसले, मला सुरू केले, चार मिनिटे वाट पाहिली आणि वरच्या ओळीतून निताची फाइल पुढे घेतली. स्वतः उठली आणि निताला खुर्चीत बसवले. निताने एक-एक कळ शोधत टाइप केले, अपूर्णांक येतात. नावापुढे लाल खूण आली. जतन कसे करायचे ते रंजीताने तिला दाखवले.

परवा लखीरामकाकाही येऊन गेले. त्यांच्या हातात नवी कोरी वही होती. ती टेबलावर ठेवत ते रंजीताला म्हणाले, "कोयते मी लिवतो. पोट्ट्यायचे नावं तू लिव."

मित्रांनो, मी जुना आहे आणि जुन्यांना मागणे मागायची सवय असते. माझ्यावरचा धुरळा अधूनमधून झटका, पंख्याला तेलाचा थेंब द्या, माझ्या डोक्यावर पाण्याची कॅन ठेवू नका, हे तर मी सांगणारच. पण त्याहून मोठे मागणे हे आहे की माझ्यात कुणाचे काही लिहाल, तर आधी त्याचे नाव लिहा. कोयत्याखाली लिहू नका, सांभाळणारी म्हणून लिहू नका. तुम्हाला वाटते की ते तुमच्या डोक्यात आहे. मी शोधायला लागतो, तेव्हा मला तुमचे डोके उघडता येत नाही.

यंदाही दिवाळी होईल, गाड्या येतील, आणि सत्तावीस कागद छापायचे असतील. रंजीता म्हणते, या वर्षी एकतीस. माझा पंखा तोवर टिकेल का, असे शालिग्रामभाऊंनी परवा त्याला कान लावून विचारले. टिकेल. मी ठरवले आहे.